विनाथांबा

[क्लिप ४१२]

“मावशी, आता ‘थांबा’ म्हणा.”

“कुणाला?”

“कुणाला नाही हो. नुसतंच म्हणा.”

बसस्थानकाच्या वरच्या मजल्यावर, भिंतींना जाड ब्लँकेटं टांगलेल्या खोलीत माईकमावशी खुर्चीच्या टोकावर बसल्या होत्या. समोर त्यांच्या लेकीच्या वयाची रेकॉर्डिंगवाली, कानांवर हेडफोन. आकडे झाले होते, गावांची नावं झाली होती, ‘फलाट’, ‘उशिरा’, ‘कृपया’ झालं होतं. चारशे अकरा शब्द मावशींनी मुकाट्यानं दिले होते. पुढच्या महिन्यापासून यंत्र तेच शब्द जोडून मावशींच्या आवाजात सूचना देणार होतं आणि मावशी निवृत्त होणार होत्या. चारशे बाराव्या शब्दाशी मात्र गाडी अडली.

“नुसतंच कसं म्हणू? कुणी धावत असलं तरच म्हणते मी.”

“मग समजा, कुणीतरी धावतंय.”

मावशींनी डोळे मिटले. कुणीतरी धावायला लागलं. मग त्या अशा काही ओरडल्या, की रेकॉर्डिंगवाली हेडफोन काढून उभीच राहिली.

“बाप रे! मीच थांबले.”

“थांबणारच.”

“पण जरा साधं हवंय. ‘पुढील थांबा’ म्हणतो ना आपण, तसं.”

मावशींनी साधं म्हटलं. दोन्ही आवाज एकाच नावानं जपून ठेवले गेले. या गोष्टीतली चूक ती एवढीच. ती इथंच सांगून टाकलेली बरी, पुढं कुणी शोधत बसायला नको.

[क्लिप नाही]

हे रेकॉर्ड झालेलं नाही, म्हणून सांगावं लागतं.

सव्वीस वर्षांपूर्वी नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात मावशींनी नियंत्रण कक्षाच्या खिडकीतून एक बाई पाहिली. एका हातात एक्स-रेचं पाकीट, दुसऱ्या हातात म्हाताऱ्याचा हात. गाडी हलली होती. म्हाताऱ्याला धावता येत नव्हतं आणि बाईला त्याला सोडता येत नव्हतं. मावशींचा हात माईकवर गेला. “थांबा!”

कुणाला, ते सांगायचं राहून गेलं. त्यामुळं आवारातल्या सगळ्याच गाड्या थांबल्या. सगळ्या ड्रायव्हरांनी आरशात पाहिलं. बाई नि म्हातारा चढले. तरी कुणी हलेना, तेव्हा मावशी ओशाळून म्हणाल्या, “सोडा.”

वरून लेखी खुलासा मागवला गेला. मावशींनी एका ओळीत दिला: ‘माणूस धावत होतं.’

तेव्हापासून आवारात ती रीतच पडली. ‘थांबा’ आलं की सगळ्यांनी ब्रेक मारायचा, आरशात बघायचं आणि ‘सोडा’ येईपर्यंत जागचं हलायचं नाही. नवा ड्रायव्हर आला की जुने त्याला पहिल्या दिवशी हेच शिकवायचे.

‘सोडा’ हा शब्द रेकॉर्डिंगच्या यादीत नव्हता. यादी करणाऱ्याला तो माहीतच नव्हता.

[चहाची वेळ]

“मावशी, आज यंत्रानं तुमचा घसा नेला,” मिशीवाले ड्रायव्हर म्हणाले. “उद्या आमचं स्टिअरिंग नेणार. परवा साहेबांची खुर्ची. मग जग कुणाचं?”

“माझी खुर्ची डुगडुगते,” कंट्रोलर साहेब फायलीतून मान वर न काढता म्हणाले. “नेली तर उपकार होतील.”

“हसू नका साहेब. माझा मुलगा म्हणतो, पुढं यंत्रंच सगळं चालवणार. आपण नुसतं बसायचं.”

“तुम्ही आता तरी वेगळं काय करता?” मावशी म्हणाल्या आणि सगळे हसले.

मावशींनाही हसू आलं, पण ते घरापर्यंत टिकलं नाही. घसा गेल्याचं त्यांना फारसं वाईट वाटत नव्हतं. त्यांना घोर होता तो खिडकीचा. साहेब फायलीत, यंत्र वेळापत्रकात. मग धावणाऱ्याकडं बघणार कोण?

[क्लिप ३८ आणि ४१२, जोडून]

चाचणीचा दिवस. माईकची वायर काढून गुंडाळून ठेवलेली. मावशींना काम नव्हतं, म्हणून त्या खिडकीशी उभ्या होत्या.

सकाळी आठ चाळीसला यंत्र मावशींच्याच गोड आवाजात म्हणालं, “फलाट क्रमांक तीनवरून सुटत आहे विना…”

आणि मग जीव तोडून: “थांबा!”

विनाथांबा गाडीनं करकचून ब्रेक मारला. तिच्यामागच्या गाडीनं मारला. फाटकातून बाहेर पडणारीनं मारला. सगळ्या ड्रायव्हरांनी आरशात पाहिलं. कुणीच धावत नव्हतं. सगळे ‘सोडा’ची वाट बघू लागले.

विनाथांबा सुटली नाही हे यंत्राला कळलं. त्यानं मिनिटभरानं पुन्हा इमानेइतबारे सूचना दिली. “…विना… थांबा!”

कंटाळून सुटायला निघालेले दोघं ड्रायव्हर पुन्हा थबकले. फाटकाबाहेर रांग लागली. हॉर्न सुरू झाले. साहेब टेलिफोनवर कुणाला तरी “बंद करा, बंद करा” म्हणत होते, तिकडून “काय बंद करू?” असं विचारलं जात होतं. रेकॉर्डिंगवालीचा चेहरा पांढराफटक पडला होता.

“…विना… थांबा!”

मावशींनी चपला अडकवल्या आणि जिना उतरल्या. सव्वीस वर्षांत त्या कामाच्या वेळी खाली आल्या नव्हत्या. दोन्ही हात वर करून त्या आवाराच्या मधोमध उभ्या राहिल्या आणि माईक नसलेल्या, जरा चिरक्या, स्वतःच्या आवाजात म्हणाल्या,

“सोडा!”

मिशीवाल्यांनी खिडकीतून डोकं काढलं. “मावशी, वर ओरडताय नि खालीही? दोन झालात की काय?”

“वरचीचं ऐकू नका. सोडा म्हणतेय ना!”

इंजिनं गुरगुरली. गाड्या हलल्या.

[क्लिप ४१३]

“बघितलंत?” साहेब कपाळ पुसत म्हणाले. “यंत्रानं आज अख्खं स्टँड ताब्यात घेतलं.”

“ताब्यात कसलं घेतंय बापडं,” मावशी म्हणाल्या. “त्याला सोडायलाच येत नव्हतं.”

रेकॉर्डिंगवाली रडकुंडीला आली होती. “माझीच चूक. ओरडलेला आवाज पुसून टाकते.”

“पुसू नकोस. मला एक सांग. कोण धावतंय हे त्याला बघता येईल?”

मुलगी खोटं बोलणारी नव्हती. “येईल, मावशी. आज नाही. पण कॅमेरे लावून, कधीतरी येईल.”

मावशींनी खिडकीतून खाली आवाराकडं पाहिलं.

“येऊ दे. धावणाऱ्याला गाडी मिळाल्याशी मतलब, थांबवली कुणी का असेना. पण त्याची गाडी चुकू नये, असं कुणाला तरी वाटायला हवं. ते वाटणारं माणूस खिडकीशी नको का? तोवर तरी?”

मुलीनं पेन काढलं. मग तिनं कागदावर दोन गोल काढले. “खिडकीखाली दोन बटणं लावू. एक थांबा, एक सोडा. आवाज तुमचाच. दाबायचं मात्र माणसानं. चालेल?”

दोघींनी साहेबांकडं पाहिलं. साहेबांनी फाइल मिटली. “माझ्याकडं काय बघताय? मला कुठं कळतं कोण धावतंय!”

“शिकवते,” मावशी म्हणाल्या. “इकडं या. धावणाऱ्याकडं सगळेच बघतात. तुम्ही पायांकडं बघायचं. आता गाडी गेलीच म्हणून ज्याचे पाय मंदावतात ना, तो खरा आपला.”

मावशींच्या नोकरीचे शेवटचे चार दिवस साहेब खिडकीशी उभे राहिले. दोनदा उगाच बटण दाबलं, एकदा कबुतरासाठी. पण उभे राहिले. आणि ब्लँकेटांच्या खोलीत मावशींनी चारशे तेरावा शब्द दिला. या वेळी त्यांनी ‘कुणाला’ असं विचारलं नाही.

[क्लिप ४१२, मग ४१३]

दोन महिन्यांनी मावशी लेकीकडं निघाल्या. हातात पिशवी, गुडघा दुखरा. आवारात शिरल्या तर लेकीच्या गावाची गाडी फलाटावरून निघालेली. धावावं असं वाटण्याचं वय उरलं नव्हतं. जाऊ दे, पुढची बघू, असं म्हणून त्यांनी चाल मंद केली.

“थांबा!”

डोक्यावरच्या भोंग्यातून आलेला तो आवाज इतका निकराचा होता, की मावशी जागच्या जागी थांबल्या. गाड्याही थांबल्या. आवारात सगळं गपगार. मावशी मागं वळून बघू लागल्या, बिचारं कोण धावतंय.

मिशीवाल्यांनी दार उघडलं. “अहो मावशी, तुम्ही नाही! आम्ही थांबलोय. चढा आता!”

मावशींनी वर पाहिलं. खिडकीच्या काचेला कपाळ टेकवून साहेब उभे होते. त्यांचं लक्ष मावशींच्या चेहऱ्याकडं नव्हतं. ते पायांकडं बघत होते.

मावशी एकेक पायरी चढल्या, खिडकीजवळ बसल्या, पिशवी मांडीवर घेतली. गाडी हलली नाही. मिशीवाले आरशात बघत थांबले होते, मागच्याही सगळ्या थांबल्या होत्या. मावशीही थांबल्या, इतरांसारख्याच.

मग वरून त्यांचाच आवाज हलकेच म्हणाला, “सोडा.”