कार्तिकीचा वारा

कार्तिकीच्या छातीतून वारा यायचा. जन्मल्यापासून येत होता. बारशाच्या दिवशी पाळण्याची झालर एकाच बाजूला उडत राहिली, तेव्हा बायका म्हणाल्या, लेकरू हवेशीर आहे. तिच्या आईला, मनकर्णेलाही त्यात काही वावगं वाटलं नाही. तिला स्वतःला माहेरी असल्यापासून चूल पेटवायला चार काड्या लागायच्या, आणि तिची आई म्हणायची, ही पोर उधळी आहे. असतं एकेकाचं.

पोर पाचाची झाली आणि गावाला तिचा उपयोग कळला. हुलगा मळून खळ्यावर पडलेला असतो, नेमका तेव्हाच वारा पडतो. मग तिवईवर चढलेला माणूस भरली पाटी हातात धरून झाडाचं पान हलायची वाट बघतो. मनकर्णेचे चुलतसासरे दगडूआप्पा असेच ताटकळले होते, तोच कार्तिकी समोर येऊन उभी राहिली. आप्पांनी पाटी कलती केली. दाणे सरळ खाली पडले, भुसा बाजूला गेला. त्या दिवसापासून लोक दारात येऊ लागले, "वैनी, तासभर पोरीला पाठवा की." मनकर्णेची मान ताठ झाली. कुणाची होणार नाही?

एकच होतं. रास उफणून झाली की पोरीचे ओठ जांभळे पडत, आणि घरापर्यंतच्या चार पावलांत ती तीनदा खाली बसे.

अंगणवाडीत पोरं तपासायला सरकारी गाडी वर्षातून दोनदा येई. पहिल्या खेपेला मनकर्णेने पोरीच्या छातीला जुनं लुगडं घट्ट आवळून बांधलं. पाहुण्या डॉक्टरणीचे कागद उडवणं बरं दिसत नाही, एवढाच तिचा विचार. डॉक्टरणीने लुगड्यावरूनच नळी लावली. आत सगळं शांत होतं. कार्डावर 'निरोगी' लिहून मिळालं आणि मनकर्णेने घरी शिरा केला.

दुसऱ्या खेपेपर्यंत पोर अर्धी झाली होती. लुगडं बांधायला मनकर्णेचा हात उठला नाही. डॉक्टरीण नाझनीन मॅडमनी "मोठा श्वास घे" म्हणत नळी लावली तशी त्यांची ओढणी मागे उडाली आणि रजिस्टरची पानं मागे मागे जात गेल्या वर्षापर्यंत पोचली. मॅडमनी रजिस्टरवर वजनकाटा ठेवला.

"कधीपासून आहे?"

"जन्मल्यापासून."

"हृदयाला भोक आहे. ऑपरेशन करून बुजवावं लागेल. खर्च सरकारचा, सोमवारी न्यायला गाडीही आमचीच येईल."

"बुजवल्यावर वारा?"

"बंद होईल."

"आन् न्हाय बुजवलं तर?"

मॅडमनी पोरीची निळी नखं पाहिली. "वारा राहील," त्या म्हणाल्या. "पोर राहणार नाही."

मनकर्णा खालीच बसली. मॅडमनी विचारलं, "घरात आणखी कुणाला असं आहे? तुम्हाला?"

"मला काय धाड भरलीया!"

"असली तरी मला तपासता येणार नाही. आमची गाडी अठरा वर्षांच्या आतल्यांची."

ऑपरेशनची बातमी गावात पसरली आणि लोक कामाला लागले. शुक्रवारी मनकर्णेच्या अंगणात सात राशी आल्या. शनिवारी त्या ओसरीला भिडल्या. रविवारी खिडकीतून बाहेर पाहिलं तर नुसता हुलगा दिसत होता. कुणी भांडायला आलं नाही, कुणी वाकडा शब्द काढला नाही. रास ओतायची आणि रामराम करून जायचं.

सोमवारी राशींच्या पलीकडून गाडीचा हॉर्न वाजला. मनकर्णा पोरीला कडेवर घेऊन पत्र्यावर चढली. समोरच्या राशीवर आप्पा पाटी घेऊन बसले होते.

"एवढं हुईल तवा ने बाई."

"आप्पा, लेकरू जातंय माझं."

"ह्याच साली. फुडल्या साली न्हाय म्हणणार."

मनकर्णेला असा संताप आला की तिला आप्पांचं तोंड दिसेना. "आप्पा, खाली उतरा," ती म्हणाली, आणि तिने पोरीच्या झग्याची सगळी बटणं काढली.

आजवर पोरीला बटणं लावूनच उभं करत. आता सगळा वारा एकदम सुटला. राशी उठल्या, घरावरून वळल्या आणि ज्याची रास त्याच्या दारात जाऊन पडल्या, निवडलेल्या, स्वच्छ. भुसा शेजारच्या गावात गेला. आप्पा आपल्या ओसरीवर पाटीसकट बसलेले आढळले. गाडीपर्यंतची वाट मोकळी झाली. पोरीची मान मनकर्णेच्या खांद्यावर पडली. मनकर्णा धावली. धावताना तिलाही तीनदा खाली बसावं लागलं, पण तेव्हा ते कोण मोजतंय.

दवाखान्याच्या त्या वॉर्डात बारा पोरं होती आणि बारा वारे. एका तान्हीचा वारा खारट होता, ती समुद्राकडची. चादरी फुगलेल्या असत आणि आया हातातल्या कागदांवर स्टीलचे डबे ठेवून निवांत गप्पा मारत. संमतीचा कागद मात्र डब्याखालूनही निसटे. शेवटी मनकर्णा त्याच्यावर बसली, मग कोपरा ओढून सही केली. सिस्टर हसून म्हणाली, इथे सगळ्या असंच करतात.

ऑपरेशन चाललं तेवढा वेळ बाहेरचा पडदा फडफडत होता. मनकर्णेने नजर हलवली नाही. मग पडदा सरळ लोंबला. ती उठून उभी राहिली. नाझनीन मॅडम आल्या, म्हणाल्या, "झालं. भूक लागली म्हणते." मनकर्णा सगळ्यांदेखत मोठ्याने रडली आणि तिला फार बरं वाटलं.

वर्षभरात कार्तिकीचे ओठ लाल झाले. ती झाडांवर चढू लागली, कैऱ्या पाडू लागली, लोकांच्या शिव्या खाऊ लागली. एकेक शिवी मनकर्णेला गोड लागे.

पुन्हा हुलगा मळून झाला. पुन्हा वारा पडला. आप्पा आपल्या खळ्यावर वाट बघत होते, सगळं गाव आपापल्या खळ्यावर वाट बघत होतं, आणि कुणी मनकर्णेला बोल लावला नाही. तीही तिवईवर चढली. कंटाळून तिने पाटी उगीच कलती केली.

दाणे सरळ खाली पडले. भुसा बाजूला गेला.

"कार्ते, लांब हो! बटण लाव!"

"मी मागं हाय, आई."

मनकर्णेने खाली पाहिलं. तिचा पदर अंगापासून सुटून समोर आडवा उडत होता. पलीकडच्या खळ्यावर आप्पा हळूच उठले आणि त्यांनी पाटी भरून घेतली.

कार्तिकी तिवईवर चढली. आईच्या छातीवर कान टेकवून तिने डोळे मिटले.

"मोठा श्वास घे," ती म्हणाली. तिच्या केसांत भुसा अडकत होता.