तरवडाचा बांध

"वैनी, बांध लई चकचकीत नगं करूस गं, तिथं कुणाकुणाची पंगत बसती..."

आवाज तीस वर्षांपूर्वीचा. नवऱ्यामागे माहेरी परतलेल्या हौसाक्काचा. पण माणदेशाच्या ताम्रवर्णी माळावर आश्विनाचे ऊन उतरले, की सुंदराच्या कानात नणंदेचा तो आवाज अजून घुमे.

नव्या नवरीला तेव्हा एकच हौस : गावाने म्हणावे, सुनेने बांध कसा तळहातासारखा ठेवलाय! हौसाक्काने बांधावर लावून जिवापाड जपलेला, पिवळ्या फुलांचा तरवड तिने कुदळीने मुळासकट खणला. वर सांगितले, "वन्सं, शेळ्यांनी खाल्ला." हौसाक्काने खणलेल्या जागेवरची माती पायाने सारखी केली.

मग भुंगे गेले. मधमाशा गेल्या. कारल्याच्या मांडवावर फुले यायची, पिवळी-पिवळी, अन् कोरीच गळायची. एकेका गळत्या फुलासरशी ते खोटे सुंदराच्या उरात सले. सले, पण जिभेवर येईना.

तीन वर्षांमागे तिने माळावरून तरवडाच्या शेंगा आणल्या. टणक बी दगडावर घासले, ऊन पाण्यात भिजवले, बांधावर टोचले. पहिल्या साली वीतभर हिरवे. दुसऱ्या साली गुडघाभर. तिसऱ्या साली पाऊस रुसला. विहिरीचा तळ दिसला, बाभळीसुद्धा मलूल झाल्या.

आणि तरवड फुलला!

जलहीन, छायाहीन, करपल्या धरणीच्या कुशीतून सुवर्ण उसळले. झुबक्याझुबक्यांनी सुवर्ण, फांदोफांदी सुवर्ण. काळे, नीलपंखी भुंगे आले. फुलाला मिठी घालून असे थरथरले, की फूलच गुणगुणू लागले, आणि परागांचा भंडारा त्यांच्या कृष्णकांतीवर उधळला गेला. कुठून आले? कुणी सांगितले त्यांना? ओसाड रानात अवघा बांध गात होता.

सुंदराने हौसाक्काला हाताला धरून तिथे आणले. म्हातारी पदर सावरायचे विसरली.

"अगं बया! एवढं पाव्हणं आलं कुठनं गं?"

सुंदराने तिचा हात घट्ट धरला.

"वन्सं... तवाचा तरवड मीच खणला. शेळ्यांनी न्हवं."

वाऱ्याची झुळूक आली. एक पिवळी पाकळी हौसाक्काच्या रुपेरी केसांवर अलगद उतरली. भुंग्यांवरची नजर न काढता ती म्हणाली,

"शेळी तरवडाला तोंड लावती व्हय, येडे? मला त्याच दिशी ठावं हुतं. तू कवा बोलतीस, तेवढीच वाट बघत हुते."