पोहणाऱ्या मूळपेशी

अकोल्याच्या त्या मंगल कार्यालयात नवरदेव नव्हता, पण वऱ्हाड हजारभर जमलं होतं. कुणी काठीवर, कुणी खाटेवर, कुणी लेकाच्या पाठीवर. व्यासपीठावर पेशीमहाराज सूर्यभान. अंगात डॉक्टरी कोट, गळ्यात रुद्राक्ष. विज्ञान रुसलं तर धर्म धावून यावा, अशी चोख व्यवस्था!

शेजारच्या पडद्यावर सूक्ष्मदर्शकाखालचा थेंब मोठा करून दाखवला होता. त्यात चपलेच्या आकाराचे जीव सुळसुळत होते.

"पाहा, नाळेतून काढलेल्या मूळपेशी! यायच्यापासून शरीराचा कोनताबी भाग घडते. सुईनं आत गेल्या की पांगळा पळते. म्हणून तर सरकारनं बंदी घातली! तुमी मेले तं सरकारचं काय जाते?"

टाळ्यांचा कडकडाट झाला.

आबेदा अब्बांच्या चाकाच्या खुर्चीमागे उभी होती. तिचे अब्बा, बार्शीटाकळीचे गयासुद्दीन टेलर, दोन वर्षांपूर्वी अपघातात कमरेखाली लुळे झाले होते. लेक अकोल्यातच एका लॅबमध्ये रक्त तपासायची. अब्बांच्या हट्टापुढे हरून ती आली होती.

पडद्याकडे पाहून तिला आधी हसू आलं, मग संताप. ती तडक पुढे गेली.

"महाराज, मूळपेशी अशा पोहत नाहीत. हे डबक्यातले जीव आहेत. कडबा आठवडाभर पाण्यात सडवला की होतात. इंजेक्शनच्या बाटलीतला थेंब ठेवा की काचेवर!"

"पोरी, त्या पेशीले उजेड सोसत नाही."

"मंग मघापासून दिव्याखाली नाचून कोन राहिलं?"

लोक हसले. दंडाची बाही वर करून सुईची वाट पाहणाऱ्या लीलाबाईंचे यजमान किसनराव उठले. "टाका थेंब. माह्या बायकोच्या अंगात काय चाललं ते मले पाहू द्या."

बाटलीतला थेंब काचेवर पडला. पडदा कोरा! एक पेशी दिसेल तर शपथ. मग मघाचे जीव आले कुठून, म्हणून किसनरावांनी टेबलाची चादर उचलली, तर खाली सडक्या कडब्याची बरणी.

"हा तं आमच्या गोठ्यातल्या हौदाचा वास!"

पांगळ्यांना पळवायला आलेले महाराज मागच्या दारानं स्वतःच पळाले.

परतताना ऑटोत अब्बांचे डोळे भरले होते.

"कावून गेली तू पुढं? चार दिवस तरी आशेवर काढले असते म्या."

"अन् त्या पाण्यानं रक्तात विष झालं असतं तर, अब्बा?"

"उद्या खरं औषध निघालं, अन् सरकारनंच अडवलं तर?"

आबेदा त्यांच्याकडे वळली. हा प्रश्न खोटा नव्हता. "तर मोर्चात तुमची खुर्ची मी ढकलीन. संशोधनासाठी गर्भातल्या मूळपेशी घ्याव्या का, बंधनं किती असावी, यावर खुशाल भांडू. पण बंदी हाय म्हणून औषध खरं, हे कुठलं शास्त्र? बंदी तं भेसळीलेबी असते."

अब्बांनी तिचा हात धरला. सोडला नाही.

वाचकहो, आशा धरणं गुन्हा नाही. पण सुई टोचून घेण्याआधी विचारा: आत काय आहे, कुणी तपासलं, बरे किती झाले, बिघडले किती? जो या प्रश्नांवर चिडेल, त्याच्यासमोरून उठून या.