चंपाचा पोळा

"बस की गं खाली! मी काय शिडी घेऊन आले का?" साळूबाईनं हत्तिणीला दटावलं.

चंपा बसली. मंठ्याच्या रस्त्यावर रामरावांनी काढलेल्या बागेत ती पर्यटकांना पाठीवरच्या हौद्यात बसवून फिरवायची आणि साळूबाई तिचा चारा-शेण बघायची. उद्या पोळा, म्हणजे आज खांदेमळणी. घरी बैल नाहीत म्हणून हौस सोडेल ती साळूबाई कसली! वाटीत लोणी-हळद कालवून ती चंपाचेच खांदे चोळायला आली होती.

"आज आवतण घे, उद्या जेवायला ये," असं बैलांना सांगतात तसं सांगून तिनं हात पाठीकडे नेला, तशी चंपा शहारली. हौद्याखाली अंथरायचं गोणपाट तिनं उचललं, तर पाठ सोलवटून ओली झाली होती.

सकाळी फाटकाशी पोराबाळांची झुंबड उडाली. माहूत हौदा चढवायला आला, तर साळूबाई आडवी उभी.

"आज पोळा हाये. हौदा ठिवायचा न्हाई."

रामराव तणतणत आले. "डोकं फिरलं का तुझं? लोक गाड्या करून येऊन राह्यले. ती काय बैल हाये?"

"न्हाई ना मालक. बैलाला वर्साचा एक दिस तरी हाये."

"उद्यापासून कामावर येऊ नको!"

"न्हाई येत. पर आधी तिच्या पाठीला हात लावून बघा."

रामरावांनी गोणपाट उचलून हात लावला. चंपा अशी दचकली की तेही मागे सरले. बोटांना पू लागला होता. खांदा सुजून आलेला बैल औताला जुंपणाऱ्याला त्यांनी स्वतः चारचौघांत झापलं होतं. आता चारचौघांत त्यांचाच चेहरा उतरला.

"जल्दी डॉक्टरला आण," ते माहुताला म्हणाले. "आन् हौदा बिलकुल न्हाई. जखम भरली तरी न्हाई. लोकायला लांबून बघू दे." मग फाटकाकडे निघालेल्या साळूबाईकडे वळले. "तू कुठं चालली? हिचं मंग कोण बघंल?"

दिवाळीपर्यंत जखम भरली. गर्दी रोडावली, रामराव कुरकुरायचे. पण हौदा काही बाहेर निघाला नाही.

एका सकाळी चंपानं सोंडेत माती घेतली आणि आपल्या उघड्या पाठीवर उधळली. मग पुन्हा, आणि पुन्हा. हौद्याखाली तिला हे कधी करताच आलं नव्हतं. नुकतीच धुतलेली पाठ मातीनं भरली, तशी साळूबाई ओरडायला गेली. पण तिला हसूच फुटलं. खराटा बाजूला ठेवून ती कठड्यावर बसली आणि बघत राहिली.