दारात अडकलेला हत्ती

"हत्ती चढला घसरगुंडीवर,
घसरगुंडी बसली मांडीवर!"

हात धुवायच्या रांगेत छोट्या गटाची पोरं एका सुरात म्हणत होती. मोठ्या गटाच्या बाईंच्या हातातला टॉवेल जागच्या जागी थांबला. ही कविता अजून कुणी ऐकलेलीच नव्हती! ती बाईंच्या वहीत होती आणि वही बाईंच्या कपाटात. दर महिन्याला त्या एक नवी कविता रचत आणि शेवटच्या शनिवारी साऱ्या बालवाडीला वाचून दाखवत. पहिल्यांदा ऐकताना मुलं जी खिदळतात, त्या खिदळण्यासाठी बाईंचा महिनाभर जीव टांगणीला असे.

संशयाला फार लांब जावं लागलं नाही. छोट्या गटाची ताई तीन महिन्यांपूर्वीच आलेली. खडू घ्यायला रोज त्याच कपाटाशी जाई. खडू घ्यायला एवढा वेळ लागतो कुणाला?

"कुणी गं शिकवलं हे?" बाईंनी आवाजात साखर घोळून विचारलं.

"आम्हाला येतंच," दोन शेंड्यांची चिमुरडी म्हणाली.

येतंच म्हणे! पढवून ठेवलंय सगळ्यांना.

बाईंनी कपाटाला कुलूप घातलं. तिसऱ्या दिवशी अंगणातून पुढचं ऐकू आलं:

"मुंगी म्हणाली, ऊठ रे भाऊ,
दोघं मिळून घरी घेऊन जाऊ!"

म्हणजे दुसरी किल्लीही करून घेतली की काय हिने? एवढ्याशा चेहऱ्याची पोर, समोर आली की "बाई, पाणी आणू का?" म्हणते, आणि पाठीमागे हे उद्योग! ताईला कायम करायचं की नाही, यावर मुख्याध्यापिकेने बाईंचा शेरा मागितलाच होता. शुक्रवारी सकाळी बाईंनी कागदावर तीन शब्द लिहिले, 'विश्वास ठेवण्याजोगी नाही', आणि 'माझ्या कविता चोरते' असं सांगून कागद मुख्याध्यापिकेला देऊन टाकला. शेवटच्या दोन ओळी मात्र त्यांनी वहीत उतरवल्याच नव्हत्या, बुधवारपासून मनातच ठेवल्या होत्या. बघू, मनाला कुठली किल्ली लावते ते!

दुपारी दोन्ही गटांची मुलं मोठ्या खोलीत चटयांवर झोपत. बाई एकेकाच्या पाठीवर थोपटत बसल्या. कवितेचा ताल त्या अशाच तपासत, वर्षानुवर्षं. थाप आणि शब्द एकदम पडले तर ओळ बरोबर, नाहीतर पुन्हा जुळवायची. आजही ओठ आपोआप हलू लागले.

"घर होतं इवलं, दार होतं लहान..."

"दाराने पकडले हत्तीचे कान," मागच्या चटईवरून कुणीतरी पुटपुटलं.

बाईंची थाप हवेतच राहिली. मागे वळून बघतात तर दोन शेंड्यांची चिमुरडी, डोळे घट्ट मिटलेले.

"बाई, जरा मोठ्याने म्हणा ना. काल कान ऐकूच आले नाहीत. मग आज याने सांगितलं."

शेजारच्या चटईने मिटल्या डोळ्यांनीच मान हलवली. सगळी खोली खुदखुदली. एकालाही झोप नव्हती. कधीच नसावी.

तो कागद!

त्या धावतच ऑफिसात शिरल्या. ताई खुर्चीच्या टोकावर बसली होती. डोळे लाल, कागद समोर.

"तो शेरा परत द्या मला," बाई म्हणाल्या. "खोटा आहे."

"का? कविता चोरणारं कुणी सापडलं वाटतं?" मुख्याध्यापिकेने चष्म्यावरून पाहिलं.

"सापडलं. एकोणीस वर्षं इथेच कामाला आहे." बाईंनी झोपेच्या तासाची सगळी हकीगत सांगितली आणि कागदाचे चार तुकडे करून मुठीत धरले. "नवा कागद द्या. कायम करा हिला."

ताई उठली. "मला वाटलं, तुम्हीच मुलांना शिकवताय. किती छान, म्हणून मीही ऐकत राहायचे. बाई, मला एकदा विचारायचं तरी होतंत."

बाईंनी वही ताईपुढे धरली.

"उद्या शनिवार. तू वाच."

ताईने वहीला हात लावला नाही. "तुम्हीच वाचा. पोरं तुमचीच वाट बघतायत," ती म्हणाली, आणि दाराशी जाऊन थांबली. "पण या खेपेला मोठ्याने."