खोकल्यानंतरचं बोलणं

ऑफिसात मला नकारघंटा म्हणतात. तोंडावर कुणी म्हणत नाही, पण मला कान आहेत. आमची कंपनी खोकला ऐकून छातीचं दुखणं ओळखणारं ॲप बनवते आणि मी तिची एकुलती एक वकील. इथे रोज कुणाला तरी काहीतरी भन्नाट सुचतं आणि रोज मला ‘नाही’ म्हणावं लागतं. मग लाडकी कशी होणार मी?

ॲपला शिकवण्यासाठी आम्ही माणसं गोळा केली होती. त्यांनी रोज सकाळी मोबाइलसमोर ठरलेली चार वाक्यं वाचायची आणि मग खोकायचं, बस्स. संमतीपत्राच्या वेळी मी दोन गोष्टींवर अडून बसले. पहिली, खाली खऱ्या माणसाचा फोन नंबर हवा. कुणीच द्यायला तयार होईना, म्हणून माझ्या टेबलावरच्या फोनचा दिला. दुसरी, आवाज नुसत्या क्रमांकांखाली एकीकडे, नावं दुसरीकडे, आणि कोणता आवाज कुणाचा हे सांगणारी यादी कायमची पुसून टाकायची. आमचा मुख्य इंजिनियर म्हणाला, "बाई, राहू दे ना. कधी लागली तर?" मी त्याच्यावर अशी खेकसले, की त्यानं ती माझ्यासमोरच पुसली.

फोन मात्र जो वाजायला लागला, तो थांबेचना. कुणाला पासवर्ड हवा, कुणाला खोकल्याचं औषध. आणि दर मंगळवारी काकू.

काकू त्या खोकणाऱ्यांपैकीच, शिवणकामाचं दुकान होतं त्यांचं. काका कापड बेतायचे, काकू शिवायच्या आणि बोलायचं खातं सगळं काकूंकडे. पहिला फोन मला झापायलाच केला होता. "हे सहावं कलम तुम्ही लिहिलंय? मग जरा माणसात या आणि परत लिहा." मी चडफडले, पण परत लिहिलं. आधीपेक्षा बरं झालं, हे काकूंना कधी सांगितलं नाही. तेव्हापासून दर मंगळवारी ठरलेलं: "वकीलबाई, जेवलात का?"

"जेवते."

"म्हणजे नाही."

मग गिऱ्हाइकांच्या तक्रारी, काकांच्या तक्रारी, माझ्या आवाजावरून माझ्या तब्येतीचा अंदाज. डोकं खायच्या हो! पण फोन यायला उशीर झाला, की मी रिसीव्हर उचलून तो चालू आहे ना ते बघायची.

मग काही मंगळवार फोनच आला नाही. चाचणी संपली, आता कशाला आठवण येईल, म्हणून मी मनातल्या मनात रुसूनही बसले. येत्या शुक्रवारी सगळे आवाज पुसले जाणार होते. तसा शब्दच दिला होता सगळ्यांना. आणि त्या मंगळवारी फोन वाजला. पलीकडून पुरुषाचा आवाज आला.

"मी… तिचे मिस्टर बोलतोय. दुकानातले."

काका! मी त्यांचा आवाज कधी ऐकलाच नव्हता.

"घशात गाठ निघाली तिच्या. ऑपरेशन झालं, ती बरी आहे. पण स्वरयंत्र काढावं लागलं." मी हातातली फाइल मिटली. "रुग्णालयात म्हणतात, तिचा जुना आवाज असेल तर यंत्र तिच्याच आवाजात बोलेल. ती टाइप करणार, ते बोलणार. पण घरात काही नाही हो. व्हिडिओ सगळे तीच काढायची, त्यात मीच आहे गप्प बसलेला. तुमच्याकडे आहे ना?"

"आहे," मी म्हटलं, आणि म्हणता म्हणताच ती पुसलेली यादी आठवली.

इंजिनियरकडे गेले. "हजारो फायली आहेत बाई," तो म्हणाला, "आणि यादी तर…"

"माहितीये मला!"

तो हसला असता तर बरं वाटलं असतं. नाही हसला.

साहेबांच्या केबिनमध्ये बैठक बसली. साहेब म्हणाले, "शुक्रवारची तारीख पुढे ढकलू."

"नाही. बाकीच्यांना शब्द दिलाय."

"मग त्या काकांना बोलवा, बसून ऐकू दे त्यांना."

"नाही. इतरांचे आवाज त्यांनी का म्हणून ऐकायचे?"

"अहो, नाहीशिवाय काही आहे का तुमच्याकडे?"

"आहे. मी ऐकते. कंपनीनं लेखी नेमलेला माणूस ऐकू शकतो, असं संमतीपत्रातच आहे. मला नेमा. काकूंच्या सहीचा अर्ज मी मागवते. स्वतःचा आवाज परत मागायचा हक्क आहे त्यांना."

साहेबांनी आधी माझ्याकडे, मग इंजिनियरकडे बघितलं आणि सही केली.

इंजिनियरनं बायकांचे आवाज वेगळे काढून दिले आणि मी कानाला हेडफोन लावून बसले. तीच चार वाक्यं. मग खोकला. कोरडा, ओला, लाजरा, शेजाऱ्यांना ऐकू जाईल असा. मला एकच धास्ती होती. मी काकूंना ओळखत होते ती रागावताना. वाचायला लागलं की सगळेच शाळेतल्यासारखे वाचतात. काकू माझ्या कानावरून निघून गेल्या असतील आणि मला कळलंच नसेल तर?

गुरुवारी दुपारी कान तापले होते. इंजिनियर चहा ठेवून गेला. पुढची फाइल लावली. ताठ आवाजात चार वाक्यं, दोनदा खोकला, आणि मग:

"झालं. वकीलबाई, ऐकताय ना? आज खोकला कमी आहे. वेळेवर जेवा."

मी पुढची लावली. त्याच क्रमांकाची. "वकीलबाई, ह्यांनी आज कोटाची बाही उलटी लावली आणि वर मलाच दटावतात." त्याच्या पुढची. त्याच्या पुढची. अगं बाई! फोन मंगळवारी करायच्या, पण बोलायच्या माझ्याशी रोज. नंबर माझा, म्हणजे ऐकणारीही मीच, असं धरून चालल्या होत्या. आणि मी यातलं एक अक्षर ऐकलं नव्हतं.

शेवटची फाइल होती. "वकीलबाई, उद्या ऑपरेशन. आवाज राहील न राहील, सांगता येत नाही म्हणे. पण तुमच्याकडे ठेवलाय ना? मग मला काळजी नाही."

मी भर ऑफिसात रडले. इंजिनियर उगाचच एक वायर तपासत बसला.

शुक्रवारी सकाळी काका येऊन काकूंचा आवाज घेऊन गेले. संध्याकाळी आमच्याकडचं सगळं पुसायला घेतलं. इंजिनियर हळूच म्हणाला, "बाई, एखादी फाइल ठेवायची का? तुमच्यापुरती?"

"नाही," मी म्हटलं. इतका जड नकार मी आयुष्यात दिला नसेल. त्यानं पुसली.

त्यानंतर कितीतरी मंगळवार कोरडे गेले. यंत्र जमलं की नाही, विचारायचा धीर होईना. मग एका मंगळवारी फाइलींच्या ढिगात बसले असताना फोन वाजला. उचलला, तर पलीकडे कुणी बोलेना. नुसती टकटक ऐकू येत होती. मग तो आवाज आला, थोडा ताठ, त्या चार वाक्यांतल्यासारखा.

"वकीलबाई, जेवलात का?"

मी म्हटलं, "जेवते."

टकटक, टकटक.

"म्हणजे नाही."