बेकरीवाल्याच्या मुलीची भूक

बेकरीवाल्याच्या मुलीला बन-बिस्किटांचं कधी अप्रूप नव्हतं. खाली बेकरी, वर घर. जिना उतरला की ताज्या बनचे ट्रे समोरच, पण ती त्यांच्याकडे ढुंकूनही पाहायची नाही. बाबा गिऱ्हाइकांना सांगायचे, "आमच्या लेकीसारखी चार गिऱ्हाइकं मिळाली, तर मला टाळंच लावावं लागेल!" शाळेत मात्र बन विकणाऱ्याची मुलगी म्हणून तिचं नाव पडलं होतं बनी.

नववीत तिची भोपूशी गट्टी जमली. भोपूचा आवाज असा, की ती कुजबुजली तरी शेवटच्या बाकावर ऐकू जायचं. शाळा सुटली की दोघी भट्टीमागच्या पायरीवर बसायच्या. मोडकी बिस्किटं बाबा एका डब्यात टाकून ठेवायचे, तो डबा दोघींच्या मध्ये. गप्पा संपायच्या नाहीत, डबा मात्र संपायचा.

एके सकाळी बनीच्या स्कर्टचा हुक लागेना. पोट आत ओढलं, श्वास रोखला, तरी नाही. आई दवाखान्यात नर्स होती, कामावर निघायच्या घाईत होती. तिने हुक सरकवून शिवून दिला आणि म्हणाली, "वाढतं वय आहे, अंग भरणारच. त्यात तोंड पाडण्यासारखं काय आहे?"

बनीचं तोंड पडलं नव्हतं. तिला कोडं पडलं होतं. जन्मभर ज्या बिस्किटांकडे पाहिलं नाही, ती आता इतकी कशी जातात पोटात?

त्या दिवसापासून ती स्वतःवर पाळत ठेवायला लागली. एकटी असताना डबा उघडून बसली, तर कंटाळाच आला. भोपू आली, गोष्ट रंगात आली, तिने डब्यात हात घातला, की बनीचाही हात मागोमाग जायचा. भूक होती का? छे! मग एकदा तिने मुद्दाम हात मांडीखाली दाबून धरले. थोड्या वेळाने भोपूचंही खाणं मंदावलं.

"काय गं, बरं वाटत नाही का?"

"बरी आहे. तू खा ना."

"नको. एकटीने काय खायचं!" भोपूने डब्याला झाकण लावलं.

बनीला गंमत वाटली. हे कुणाला तरी सांगावं, असं वाटेपर्यंत तिची रिले शर्यतीच्या संघात निवड झाली आणि ते राहूनच गेलं.

संघातल्या मुली मधल्या सुट्टीत मैदानाच्या कडेला बसायच्या. त्यांची कॅप्टन उंच, शांत, वाऱ्यासारखी पळणारी. ती सफरचंदाच्या दोन फोडी खायची आणि उरलेलं परत ठेवायची. कुणी कुणाला काही सांगत नव्हतं. फक्त कुणाचाच डबा धड उघडत नव्हता. बनीनेही आपला डबा दप्तरातच ठेवला. नवल म्हणजे तिला खरंच भूक लागेनाशी झाली. आईने सैल करून दिलेला स्कर्ट आता कमरेवरून घसरायला लागला, आणि वर्गातल्या मुली म्हणाल्या, "काय मस्त दिसतेस गं!" ते ऐकायला गोड लागलं, खोटं कशाला बोला.

पायरीवर बसणं हळूहळू बंद पडलं. भोपू लांबून हात करायची, बनीही हात करायची, तेवढंच.

आणि एका सकाळी प्रार्थनेच्या रांगेत धप्पकन आवाज झाला. भोपू खाली कोसळली होती. बनी रांग मोडून धावली. आजारी मुलांच्या खोलीत शाळेच्या डॉक्टरीणबाईंनी भोपूला साखरपाणी पाजलं आणि विचारलं, "शेवटचं कधी जेवलीस?"

"काल दुपारी. थोडंसं."

"असं का बाळ?"

भोपूने बनीकडे पाहिलं. तिचा तो भोंग्यासारखा आवाज पार बसला होता. "ही नाही खात, म्हणून."

"मी कधी तुला खाऊ नको म्हटलं?" बनी चमकलीच.

"म्हणायला कशाला पाहिजे? मला वाटलं, मी पण तुझ्यासारखी झाले तर तुम्ही मला मैदानावर तुमच्यात बसायला घ्याल."

आजवर ती शोधत होती, आपल्यावर कुणाची छाप पडते. आपलीही कुणावर पडत असेल, हे तिच्या गावीही नव्हतं.

संध्याकाळी तिने आईला सगळं सांगितलं. आईने गॅस बारीक केला आणि ऐकून घेतलं. मग म्हणाली, "आमच्या दवाखान्यातही तेच. एकीने चहा मागवला की सगळ्यांना तलफ येते. पण तुमच्या हाडांची वाढ चालू आहे, राणी. तिथे असं एकमेकींचं बघून उपाशी राहणं परवडत नाही. आधी जेवायला बस."

दुसऱ्या दिवशी बनी भोपूला हाताला धरून मैदानावर घेऊन गेली. कॅप्टनच्या शेजारी बसली आणि डबा उघडला. पोळीभाजीचा वास सुटला.

"शर्यत तोंडावर आलीये," कॅप्टन म्हणाली.

"म्हणूनच खातेय. काल पळताना डोळ्यांपुढे अंधारी आली होती." हे तिने आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं.

"मलाही येते," संघातली सगळ्यात लहान मुलगी पटकन म्हणाली आणि लाजली. मग तिने आपला डबा काढला. भोपूने तिच्या भाजीची इतकी मोठ्याने तारीफ केली, की पलीकडचे क्रिकेट खेळणारे वळून बघायला लागले. दोघी-तिघी हसल्या, एकीने घास मागितला. कॅप्टन मात्र उठून निघून गेली.

शर्यतीत त्या तिसऱ्या आल्या. कॅप्टन कुणाशी बोलली नाही. बनीला वाटलं, आपल्यावर खापर फुटणार.

रविवारी बेकरीत गर्दी ओसरल्यावर कॅप्टन काउंटरपाशी येऊन उभी राहिली. काही घेतलं नाही. बरण्यांकडे बघत राहिली.

"एक विचारू? तुझी भूक परत कशी आली?"

"भोपूबरोबर जेवायला लागले, मग आली. सुरुवातीला भूक नसतानाच घास घ्यायचे."

"मी तसं करून बघितलं. घरी सगळे असतात जेवायला, तरी घास उतरत नाही." तिने बाहीने डोळे पुसले. "तुझी आई नर्स आहे ना? त्या रागावतील का?"

"आई? ती फक्त मला रागावते, तेही भांडी घासली नाहीत म्हणून."

कॅप्टनला हसू फुटलं. बनीने बाबांना काउंटर सांभाळायला हाक मारली आणि ती कॅप्टनला घेऊन वर आईकडे जिना चढायला लागली.